काचबिंदूचे थेंब : नळाचे कोणते, मोरीचे कोणते

सकाळी दुकानाचं शटर वर केलं की तासाभरात एक तरी गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘ते पिवळ्या झाकणाचं द्या हो, डोळ्यात घालायचं.’’ चिठ्ठी घरी राहिलेली असते, नाव पाठ नसतं आणि रिकामी बाटली कालच घंटागाडीत गेलेली असते. माझ्या कपाटात पिवळ्या झाकणाच्या तीन वेगवेगळ्या बाटल्या आहेत. एक डोळ्यातला दाब उतरवते, दुसरी जंतूंवरची आहे, आणि तिसरीत स्टिरॉइड आहे, म्हणजे काही जणांचा दाब चढवणारं औषध. झाकणाच्या रंगावर मी यातली कुठलीच बाटली देत नाही.

काचबिंदूची पहिली चिठ्ठी ज्यांच्या हातात नुकतीच पडलीय, किंवा ज्यांच्या आई-वडिलांच्या डोळ्यांत थेंब घालायची पाळी आलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषध कोणतं, किती आणि कधी बंद, हे डॉक्टरच सांगणार. पण बाटलीतला थेंब आत जाऊन काय करतो हे एकदा समजलं, की ‘हा रात्रीच का’, ‘तो दोनदा का’, ‘दोन बाटल्या कशाला’ हे प्रश्न पडत नाहीत, आणि चुकाही कमी होतात.

आधी आतली नळजोडणी

डोळ्यातलं पाणी म्हटलं की आपल्याला अश्रू आठवतात. इथे ते पाणी नाही. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात आणि त्यांचा या दाबाशी संबंध नाही. आतलं पाणी वेगळं. बुबुळाच्या रंगीत चकतीच्या मागे, भिंगाच्या कडेने एक झालरीसारखा अवयव असतो, सिलियरी बॉडी. त्यातल्या पेशी रक्तातून क्षार आणि पाणी ओढून एक नितळ द्रव तयार करतात. भिंगाला आणि बुबुळावरच्या काचेसारख्या कमानीला रक्तवाहिन्या नाहीत. त्यांना लागणारं अन्न आणि प्राणवायूचा काही भाग हाच द्रव पुरवतो.

हा नळ जागेपणी मिनिटाला सुमारे २.५ मायक्रोलिटर वाहतो. पुढच्या खोलीत मावतो पाव मिलिलिटर, म्हणजे बाटलीतून पडणारे पाच ते आठ थेंब. शंभरेक मिनिटांत ही खोली एकदा रिकामी होऊन पुन्हा भरते. रात्री झोपेत नळाची धार जवळजवळ निम्मी होते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

द्रव बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळ जिथे कमानीला भेटतं त्या कोनात पोचतो. तिथे मोरीच्या जाळीसारखी एक जाळी आहे. जाळीमागे गोल फिरणारी बारीक नाली आहे, आणि पुढे शिरा. या नालीला श्लेम या जर्मन शरीररचनातज्ज्ञांचं नाव आहे. त्यांनी ती १८३० साली दाखवली. बहुतेक द्रव या मोरीतून जातो. उरलेला सिलियरी बॉडीच्या स्नायूंमधून मुरत मुरत बाहेर पडतो, माठ पाझरतो तसा.

म्हणजे नळ, मोरी आणि पाझर. काचबिंदूत नळ जास्त वाहतो असं जवळजवळ कधीच नसतं. मोरी तुंबलेली असते. आवक तीच आणि जावक कमी, म्हणून दाब चढतो आणि मागची नस, जी डोळ्यातलं चित्र मेंदूकडे नेते, ती हळूहळू झिजते. झिजलेली नस परत येत नाही. म्हणून सगळा खटाटोप दाबाचा. साधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर धरतात. पण १८ असूनही नस झिजणारी माणसं असतात आणि २४ असूनही वर्षानुवर्षं काही न होणारी असतात. त्यामुळे शेजारच्या काकांचा आकडा आपल्याला लावू नका.

बाटलीवर एक शब्द लिहा

बाटली घरी आली की खोक्यावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं खरं नाव शोधा. मग मार्करने बाटलीवर एकच शब्द लिहा : नळ, मोरी किंवा पाझर. खाली उघडल्याची तारीख. आमच्या आप्पांच्या बाटल्यांवर मी हे गेली नऊ वर्षं करतोय. चष्म्याशिवायही त्यांना दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात.

नळ बंद करणारी औषधं

टिमोलॉल हे यातलं सगळ्यात जुनं आणि स्वस्त. अमेरिकेत १९७८ साली त्याला मान्यता मिळाली आणि काचबिंदूचा उपचारच बदलला. ते बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे बीपीच्या, हृदयाच्या काही गोळ्यांच्या घरातलं. झालरीतल्या पेशींना ‘पाणी बनवा’ असा जो इशारा मिळत असतो तो हे अडवतं. दाब साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने उतरतो.

आता झोपेतली निम्मी धार आठवा. झोपेत तो इशाराच मुळात मंद असतो, तेव्हा अडवायला फारसं काही उरत नाही. म्हणून टिमोलॉल रात्री जवळजवळ बेकार. एकदाच घालायला सांगितलं असेल तर ते बहुधा सकाळी असतं, ते यासाठी. ‘सकाळी राहिलं, झोपताना घालतो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरं घर कार्बोनिक अनहायड्रेज अडवणाऱ्यांचं. हे विकर, म्हणजे एन्झाइम, झालरीतल्या पेशींना बायकार्बोनेट पुरवतं. ते थांबलं की क्षार सरकत नाहीत, आणि क्षारांमागून येणारं पाणीही येत नाही. गोळी म्हणजे असिटाझोलामाइड; ती डोळ्यासाठी १९५४ पासून वापरात आहे. थेंब म्हणजे डॉर्झोलामाइड आणि ब्रिन्झोलामाइड. ते नव्वदच्या दशकात आले. मध्ये चाळीस वर्षं गेली, कारण या विकराचं जवळजवळ सगळं काम, नव्व्याण्णव टक्क्यांहूनही जास्त, बंद पडल्याशिवाय नळाला फरकच पडत नाही. एवढं औषध थेंबातून आत पोचवणं अवघड होतं.

गोळी चालू झाली की बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, आणि सोडा किंवा कोल्ड्रिंक पिताना फसफस लागतच नाही, नुसतं गोड पाणी लागतं. जिभेवर फसफस ओळखायलाही हेच विकर लागतं. घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. मूतखडा झालेला असेल, किडनी अशक्त असेल, सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल, तर गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगा. नंदुरबार, गडचिरोली आणि एकूण विदर्भाच्या मंडळींसाठी एक जास्तीची सूचना : घरात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार, असेल तर तेही बोला. ही औषधं रक्त किंचित आम्ल करतात आणि त्या पेशींना ते मानवत नाही. डोळ्याला मार लागून आत रक्त साचलं असेल तर फारच महत्त्वाचं.

ब्रिन्झोलामाइड दुधट दिसतं. ते खराब झालेलं नसतं. त्यात औषधाचे कण तरंगत असतात. बाटली हलवून घ्या, नाहीतर पहिले पंधरा दिवस पाणी आणि शेवटचे पंधरा दिवस गाळ.

ब्रिमोनिडिन हे अर्धं नळाचं, अर्धं पाझराचं. तोंड कोरडं पडतं, दुपारी पेंग येते. काही महिन्यांनी डोळे लाल होऊन खाज सुटली तर ‘धूळ गेली असेल’ म्हणून सोडून देऊ नका; या औषधाची अॅलर्जी बऱ्याच जणांना उशिरा येते. आणि ही बाटली तान्ह्या मुलांपासून लांब ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाला हे औषध गुंगी आणून श्वास मंद करू शकतं. आजोबांच्या उशाशी खेळणारं नातवंड घरात असेल तर बाटली कपाटात.

मोरी आणि पाझर

आज पहिल्या चिठ्ठीत बहुधा पाझराचंच औषध असतं : लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट. हे प्रोस्टाग्लँडिनचे भाऊबंद. प्रोस्टाग्लँडिन डोळ्यात गेलं की डोळा लाल होतो, दाब चढतो, असंच आधी मानलं जायचं. लॅस्लो बिटो या संशोधकांनी प्राण्यांवर दाखवलं, की मात्रा थोडी ठेवली तर उलटं होतं, दाब उतरतो. त्यातून १९९६ साली लॅटानोप्रॉस्ट अमेरिकेत बाजारात आलं. स्नायूंच्या धाग्यांमधला भराव ते विरळ करतं, माठ जास्त पाझरू लागतो आणि दाब पाव ते एक तृतीयांश हिश्श्याने उतरतो. नळाशी संबंध नसल्यामुळे रात्रीही काम चालू राहतं.

रात्री एकदाच. हौसेने दोनदा घातलं तर परिणाम वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून ‘आठ दिवस घातलं, आकडा हलला नाही’ म्हणून टाकून देऊ नका.

पहिल्या आठवड्यांत डोळे थोडे लाल दिसतात. पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. आमच्याकडे येणाऱ्या एका आजींना शेजारणी विचारायच्या, काजळ कुठलं लावता. पण डोळ्याखालची कातडी काळवंडते, आणि वर्षानुवर्षांनी खोबणीतली चरबी कमी होऊन डोळे खोल गेल्यासारखे दिसू शकतात. एकाच डोळ्यात औषध चालू असेल तर फरक उठून दिसतो. ओघळलेला थेंब ओल्या कापसाने पुसून घ्या, काळेपणा बराच टळतो.

मोरीची जाळी थेट मोकळी करणारी औषधं दोन पिढ्यांची आहेत. नवी म्हणजे नेटार्सुडिल आणि रिपासुडिल. ती जाळीच्या पेशींचा ताठरपणा सैल करतात. डोळे चांगलेच लाल होतात, एवढं सोडलं तर फार सांगण्यासारखं नाही. जुनं म्हणजे पायलोकार्पिन, ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपातून निघालेलं. ते सिलियरी स्नायू आवळतं, स्नायू जाळीला ताण देतो आणि जाळीची भोकं उघडतात. बाहुली मात्र मोहरीएवढी होते. संध्याकाळी अंधुक दिसतं, कपाळ ठणकतं. आता ते मुख्यतः मोरीजवळचा कोन अरुंद असलेल्या रोग्यांना किंवा लेसरच्या आधी देतात.

पायलोकार्पिनच्याही थोडं आधी पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबारच्या शेंगेतलं फायसोस्टिग्मिन आलं. तिथे ही शेंग गुन्हेगार ठरवायला विषपरीक्षा म्हणून खायला घालत. १८७६ साली डोळ्यांचे डॉक्टर लुडविग लाकूर यांनी ती काचबिंदूवर वापरली. त्यांना स्वतःलाच काचबिंदू होता. आपला धोतरा या शेंगेच्या बरोबर उलट, एक बाहुली आवळते, दुसरा फाकवतो. धोतऱ्याकडे पुढे वळायचंच आहे.

एका बाटलीत दोन औषधं असतात, नळाचं टिमोलॉल आणि पाझराचं काहीतरी, हे आता सर्रास आहे. बाटली कमी, विसरणं कमी. पण इथे एक घोटाळा मी नेहमी पाहतो. जुन्या डॉक्टरांचं टिमोलॉल घरी चालू असतं, नवे डॉक्टर जोडबाटली देतात, तिच्यातही टिमोलॉल, आणि माणूस दोन्ही घालत राहतो. दाब त्याने आणखी उतरत नाही, नाडी मात्र मंदावते. बाटल्यांवर शब्द लिहिलेले असले की ‘नळ’ दोनदा आलाय हे लगेच डोळ्यात भरतं.

आत्याचा पंप

थेंब डोळ्यात पडला तरी डोळ्यातच राहतो असं नाही. बाटलीचा थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा आणि पापणीच्या खिशात मावतात जेमतेम ३०. उरलेला गालावर ओघळतो किंवा नाकाशेजारच्या बारीक छिद्रातून नाकात उतरतो. नाकाच्या आतल्या कातडीतून औषध सरळ रक्तात जातं. गोळी निदान आधी यकृतातून गाळून जाते, थेंब तेही टाळतो. टिमोलॉल एका डोळ्यात घातलं तर दुसऱ्या डोळ्याचाही दाब थोडा उतरतो, तो याच वाटेने.

माझी आत्या अडुसष्ट वर्षांची. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, काही आजार आहेत का. ती म्हणाली, बीपी नाही, शुगर नाही. पावसाळ्यात दोन-तीन महिने ती पंप ओढायची, पण तिच्या लेखी पंप म्हणजे औषध नव्हतंच, औषध म्हणजे गोळी. डॉक्टरांनी टिमोलॉल लिहिलं. बाटली माझ्याच दुकानातून गेली, आणि तिचा पंपही माझ्याच दुकानातून जायचा. मी दोन्हीची सांगड घातली नाही. चौथ्या रात्री भावाचा फोन आला, आत्या उठून बसलीय, धाप थांबत नाही. छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘नवीन काय सुरू केलंय?’’ घरात कुणाला थेंब आठवले नाहीत. मला आठवले.

टिमोलॉल श्वासनळ्या आवळतं, नाडी मंद करतं, आणि शुगर उतरल्यावर जी छाती धडधडते, हात थरथरतात, ती धोक्याची घंटा दाबून टाकतं. तेव्हा डॉक्टरांपुढे बसायच्या आधी घरातली सगळी औषधं एका पिशवीत टाका. पंप, नाकातला स्प्रे, कातडीचं मलम, काढा, झोपेची गोळी. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर ते वर ठेवा, कारण ते त्याच घरातलं आहे. आत्याला आता पाझराचं औषध चालू आहे आणि ती बरी आहे. त्या दिवसापासून मी मात्र टिमोलॉल देताना प्रत्येकाला विचारतो, ‘‘पंप ओढता का?’’ दमा आहे का, असं विचारत नाही.

थेंब घालायची रीत

हात साबणाने धुवा. मिरची चिरली असेल तर दोनदा.

खुर्चीत मान मागे टाका किंवा आडवे व्हा. डाव्या हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच ओढून खिसा करा. उजव्या हातातली बाटली डाव्या हाताच्या मुठीवर टेकवा, म्हणजे हात थरथरत नाही. नजर वरच्या पंख्याकडे. एकच थेंब, खिशात. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, नाहीतर महिनाभर जंतू पाळाल. थेंब नक्की पडला का कळत नसेल तर बाटली फ्रिजमधून काढलेली बरी, गार थेंब जाणवतो.

मग डोळा हळूच मिटा. घट्ट मिटू नका, उघडझाप करू नका. नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून ठेवा, दोन ते तीन मिनिटं, म्हणजे चहाला उकळी येईपर्यंत. याने नाकात जाणारी वाट बंद होते. रक्तात जाणारं औषध पुष्कळ घटतं आणि डोळ्याच्या वाट्याला जास्त येतं. घशात कडू लागलं तर समजा, बोट जागेवर नव्हतं.

दुसरी बाटली पाच मिनिटांनी. लगेच घातली तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो, आणि महागातलं औषध गालावरून ओघळतं. जेल किंवा मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. काँटॅक्ट लेन्स काढून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी घाला.

एक वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घाला. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. भरपाई म्हणून दोन थेंब घालू नका.

बाटलीचा हिशेबही ठेवा. अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रात्री एकदा म्हणजे रोज दोन, म्हणजे बाटली चाळीस दिवस पुरेल इतकी, पण उघडल्यावर बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी आणि लॅटानोप्रॉस्ट सहा आठवड्यांनी टाकायची असते; खोक्यावर काय लिहिलंय ते पाहा. पंधरा दिवसांत संपत असेल तर थेंब बाहेर पडतायत. दोन महिने पुरत असेल तर थेंब चुकतायत. हे मला काउंटरवरून दिसतं, डॉक्टरांना दिसत नाही.

लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली बहुधा २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये लागते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते. आता अकोल्यात किंवा नागपुरात मे महिन्यात घरात २५ अंश कुठून आणणार? उघडलेलीही फ्रिजच्या दारातच ठेवा, फ्रीझरमध्ये नको. विकत घेतल्यावर स्कूटरच्या डिकीत टाकून तीन कामं उरकू नका. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गार पाण्याच्या बाटलीला लावून न्या.

आकडा कसा वाचायचा

दाब मोजायला हवेचा फवारा मारतात, किंवा पिवळं औषध घालून निळ्या उजेडात बुबुळावरच्या कमानीला सुळकी टेकवतात. दुसरी पद्धत जास्त भरवशाची. बुबुळावरची कमान जाड असेल तर आकडा खोटाच जास्त येतो, पातळ असेल तर कमी. म्हणून एकदा जाडी मोजून घेतात. दाब दिवसभरात वर-खाली होतो, आडवं झाल्यावर चढतो. केस पेपरवर आकड्याशेजारी वेळ आणि शेवटचा थेंब कधी घातला ते लिहून ठेवा.

तपासणीच्या आधी चार-पाच दिवस मनोभावे थेंब घालणारे पुष्कळ आहेत. आकडा छान येतो, डॉक्टर खूश, आणि कडेचं किती दिसतं ते मोजणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये मात्र नजरेचं कुंपण आत सरकलेलं. मग औषध पुरत नाही असं वाटून आणखी एक बाटली वाढते. चुकलेले दिवस खरे सांगा, बाटली वाचेल.

तपासणीच्या दिवशी सकाळी उषःपानाचा तांब्या एका दमात रिचवू नका. लिटरभर पाणी गटागटा प्यायलं की तासभर दाब चढलेला राहतो. रोजही सावकाश प्या. शीर्षासनात दाब दुपटीच्या घरात जातो, ते सोडा. आणि गांजाबद्दल तरुण मंडळी हमखास विचारतात. दाब उतरतो हे खरं, पण तीन-चार तासच. बेकायदा आहे ते वेगळंच.

दाब चढवणारी औषधं

सगळ्यात वर स्टिरॉइड. हे मोरीच्या जाळीतच भराव घालतं आणि जाळीच्या पेशी आळसावतात. बहुतेकांना थोडक्यात काही होत नाही, पण साधारण तिघांत एकाचा दाब काही आठवड्यांत चढतो, आणि शंभरांत चार-पाच जणांचा भलताच. आधीच काचबिंदू असेल तर शक्यता फार जास्त. दुखत नाही, नजर सुरुवातीला चांगली असते, लाली तर छान जाते. म्हणून तर लोक तीच बाटली पुन्हा मागतात. उन्हाळ्यात ज्या मुलांचे डोळे खाजतात, त्यांच्या आया ‘मागच्या वर्षीची बाटली’ मागायला येतात, आणि मी नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातात. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावं ओळखून ठेवा. गोरेपणाच्या नावाखाली पापणीपर्यंत चोपडलेलं मलम, दम्याचा स्टिरॉइडचा पंप, सांध्यांसाठी कुणी दिलेली बिननावाची पुडी, यांनीही तेच होऊ शकतं. पंप मात्र मनाने बंद करू नका. डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा, ते दाब जास्त वेळा तपासतील.

दुसरा गट बाहुली फाकवणाऱ्यांचा. सर्दीच्या गोळ्या, काही पोटदुखीची आणि नैराश्याची औषधं, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतलेली गोळी. यांच्या कागदावर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ वाचून लोक हादरतात. हा इशारा मुख्यतः अरुंद कोनवाल्यांसाठी असतो. बाहुली फाकली की बुबुळ कोनात गोळा होतं आणि मोरीवर बोळा बसतो. म्हणून पुढच्या भेटीत एकच प्रश्न विचारा : माझा कोन उघडा आहे की अरुंद? उत्तर वहीत लिहा. अरुंद कोनाला लेसरने छिद्र पाडून घेतलं असेल तर धोका बराच उतरतो.

धोतरा याच गटातला. गणपतीच्या एकवीस पत्रींत तो असतो, महाशिवरात्रीला फळ वाहतात. पत्री खुडून त्याच हाताने डोळा चोळला तर बाहुली फाकते आणि दिवस-दोन दिवस तशीच राहू शकते. उघड्या कोनवाल्याला नुसतं अंधुक दिसेल. अरुंद कोनवाल्याचं निभावेलच असं नाही. हात धुऊन टाका, एवढंच.

तिसरं टोपिरामेट, अर्धशिशीचं आणि फिटचं औषध. हे अगदी वेगळ्या वाटेने जातं. झालरीलाच सूज आणून भिंग-बुबुळ पुढे ढकलतं आणि कोन बंद करतं. बहुधा सुरू केल्याच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन्ही डोळ्यांत एकदम, आणि लांबचं अचानक धूसर. इथे पायलोकार्पिन घातलं तर बिघडतं. मुळात टोपिरामेटच थांबवावं लागतं, म्हणून लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा.

रात्र असली तरी निघा

डोळा लाल, कपाळासकट असह्य ठणका, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं, मळमळ, उलट्या. पित्त समजून लोक रात्र काढतात. कोन एकदम बंद झाला की दाब पन्नासच्या वर जाऊ शकतो आणि नस काही तासांत खराब होऊ लागते. दवाखान्यात शिरेतून मॅनिटॉल देऊन डोळ्यातलं पाणी रक्तात ओढून घेतात, नळ बंद करणारी गोळी आणि थेंब देतात, आणि दाब उतरल्यावर लेसर. निघताना औषधांची पिशवी घ्या. बाटली रिकामी असली तरी घ्या, आणि गेल्या आठवड्यात सर्दीची एखादी गोळी घेतली असेल तर तिचं पाकीटही.